बेटांचा सातबारा

न्हावा आणि शेवा ही दोन वेगवेगळ्या गावांची नावे आहेत, हे आता पुष्कळांना सांगावे लागते. जगभरच्या जहाजांच्या कागदपत्रांवर 'न्हावा शेवा' हे एकच नाव छापले जाते आणि ते वाचणाऱ्याला ते एका गावाचेच वाटावे, यात त्याचा दोष नाही. वस्तुतः न्हावा पनवेल तालुक्यात, तर शेवा उरण तालुक्यात. दोन्ही खाडीतली बेटे. खाजणे, मिठागरे आणि तिवरे यांनी वेढलेली. भरतीला भोवती पाणी, ओहोटीला भोवती गाळ. आज दोन्हीकडे थेट डांबरी रस्त्याने जाता येते. २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झाले, त्याआधीच भरावाने पाण्याची जागा घेतली होती. नकाशावरचा बेटांचा निळा काठ पुसला गेला आणि गावांची नावे मात्र बंदराने उचलून जगभर नेली.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चार दिवस या जुन्या बेटांतून हिंडलो. हिंडलो ते एका फिरत्या घरातून. या गोष्टीची अनेकांनी थट्टा केली, म्हणून तिचे मूळ आधी सांगतो.

आपल्या शाळेची एक जुनी विद्यार्थिनी सध्या स्कॉटलंडमध्ये परिचारिका आहे. मागच्या उन्हाळ्यात तिने आणि तिच्या यजमानांनी मोटारहोम भाड्याने घेतले आणि त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील बेटे पाहिली. मोटारहोम म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची, अंघोळीची सोय असलेली गाडी. ती बोटीत चढवायची, बेटावर उतरवायची, संध्याकाळी एखाद्या माळावर उभी करायची. तिने पाठविलेल्या पत्रात डोंगर, मेंढ्या आणि पाऊस यांची वर्णने होतीच. परंतु आम्ही ते पत्र दहावीच्या वर्गात वाचून दाखविले ते निराळ्या कारणाने. तिने लिहिले होते की, सर, इथे मुक्कामाचे पैसे द्यायला गेलो की मालक कोण असे विचारावे लागते, आणि पुष्कळ ठिकाणी उत्तर येते, आम्ही सगळे.

ही अतिशयोक्ती नाही. स्कॉटलंडच्या त्या भागात शतकानुशतके एकेक बेट एकेका जमीनदाराचे असे. एकोणिसाव्या शतकात मेंढ्यांच्या कुरणांसाठी तिथली गावेच्या गावे उठविली गेली आणि माणसे परदेशी रवाना झाली. त्याच बेटांवर आता चित्र पालटले आहे. लुईस बेटावरील स्टॉर्नोवे परिसराची जमीन १९२३ मध्ये तेथील मालकाने लोकांच्या न्यासाकडे सोपविली. तो न्यास आजही निवडून दिलेल्या विश्वस्तांकडून चालतो. एग नावाचे बेट रहिवाशांनी १२ जून १९९७ रोजी विकत घेतले. गिया बेट २००२ मध्ये रहिवाशांचे झाले. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने तर गावाने एकत्र येऊन जमीन विकत घेण्याच्या हक्काला कायद्याचे रूपच दिले. एगवर त्या वेळी जेमतेम साठसत्तर माणसे राहत होती. त्यांनी देणग्या गोळा केल्या, सुमारे पंधरा लाख पौंड उभे केले आणि आजवर ज्याला भाडे देत होते त्या जमिनीचे ते धनी झाले. पुढे २००८ मध्ये पाणी, वारा आणि ऊन यांवर चालणारी स्वतःची वीजयंत्रणा त्यांनी उभारली.

वर्गातल्या एका मुलीने विचारले, "सर, सगळे म्हणजे कोण? वाड्यातलेपण?"

त्या पोरीचा प्रश्न आमच्या मनातून जाईना. आमच्या पिढीने वाचलेल्या इतिहासात 'गावाची जमीन' या शब्दांत गावकुसाबाहेरचा माणूस कधी धरलेला नव्हता. गावकीचे तळे होते आणि त्याला आपला हात लागत नव्हता. महाडचा संगर त्यासाठीच झाला. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याविषयी जे कठोर शब्द उच्चारले ते अनेकांना आजही झोंबतात. पण जे खेड्याच्या कडेला राहिले त्यांना त्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तेव्हा 'सामूहिक मालकी' हा शब्द ऐकताच टाळी वाजविण्याची आम्हांला सवय नाही. समूह कोणता, हे आधी विचारावे लागते.

हाच प्रश्न घेऊन निघावे असे ठरले. शाळेचा एक माजी विद्यार्थी बंदरात ट्रेलर चालवितो. त्याच्याजवळ एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर होती. मागची आसने काढून त्याने फळ्या ठोकल्या, गाद्या टाकल्या, गॅसची लहान शेगडी, पाण्याचे दोन ड्रम, एक पंखा आणि समोरच्या काचेपाशी बाबासाहेबांची तसबीर. तो, त्याची पत्नी, गणित शिकविणारे आमचे सहकारी आणि आम्ही पतिपत्नी, असे पाच जण निघालो. अंघोळीची सोय नव्हती. ती लोकांच्या घरी झाली आणि त्यामुळेच गप्पाही झाल्या.

फिरत्या घराचा एक गुण आम्हांला पहिल्याच संध्याकाळी कळला. दिवसभर गाडी चालत असते तोवर रस्ता सर्वांचा असतो. अंधार पडू लागला की गाडी कुठेतरी उभी करावी लागते, आणि मग प्रत्येक मोकळ्या जागेपुढे एकच प्रश्न उभा राहतो, की ही जागा कोणाची? उरण-पनवेलच्या पट्ट्यात याचे उत्तर फलकांवर लिहिलेले असते. ही जागा सिडकोची, ही बंदराची, ही अमुक कंपनीच्या गोदामाची, इथे थांबू नये. रस्त्याच्या दुतर्फा ट्रेलरच्या रांगा उभ्या असतात. चालक केबिनमध्येच झोपतात, चाकाआड स्वयंपाक करतात. आमचा विद्यार्थी म्हणाला, "सर, तुमचं मोटारहोम चार दिवसांचं. आमचं बारा महिन्यांचं." त्याने कोणतीही कडवटपणाची छटा न आणता हे सांगितले. पहिल्या रात्री त्याच्याच ओळखीच्या एका ढाब्याच्या मागे, ट्रेलरवाल्यांच्या शेजारी आम्ही झोपलो.

सकाळी जासईला गेलो. तिथल्या हुतात्मा स्मारकापाशी थांबल्याशिवाय या पट्ट्यातील जमिनीविषयी बोलणे व्यर्थ आहे. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील ९५ गावांची जमीन संपादित करण्याचे शासनाने १९७० च्या सुमारास ठरविले. भाव नाममात्र होते. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार झाला आणि पाच जण धारातीर्थी पडले. त्या रक्तातून साडेबारा टक्क्यांचे तत्त्व निघाले. ज्याची जमीन गेली त्याला संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत मिळावा, असे ते तत्त्व. भूसंपादनाच्या इतिहासात हा मोठाच विजय होय. बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना मात्र त्यासाठी आणखी कितीतरी वर्षे झगडावे लागले. त्यांच्या हाती इरादापत्रे आली ती २०१४ मध्ये.

या लढ्याविषयी आम्हांला आदर आहे. आगरी, कोळी, कराडी समाजाने दाखविलेली एकजूट आमच्या चळवळीनेही अभ्यासावी अशी आहे. आदर ठेवूनच एक गोष्ट नोंदवितो. साडेबारा टक्के कशाचे, तर ज्याच्या नावे सातबारा होता त्याच्या जमिनीचे. सातबाऱ्यावर नाव नाही त्याचे साडेबारा टक्के म्हणजे शून्याचे साडेबारा टक्के. गणिताच्या सरांनी स्मारकाच्या पायरीवर बसून हे इतक्या शांतपणे सांगितले की क्षणभर कोणी बोलले नाही. ज्यांनी दुसऱ्याच्या शेतात कापणी केली, मिठागरात अनवाणी पायांनी फावडे ओढले, बांधबंदिस्तीची माती डोक्यावरून वाहिली, त्यांच्या कष्टाची नोंद कोणत्याच उताऱ्यात नव्हती. भूमिहीनांसाठी पुढे काही लहानसहान तरतुदी झाल्या. परंतु हक्क म्हणून मिळणे आणि सोय म्हणून मिळणे यांत अंतर आहे, आणि ते घेणाऱ्याच्या मानेच्या ठेवणीत दिसते.

दुसरा मुक्काम न्हाव्याला. न्हाव्याला आता बेट म्हणण्याची सोय नाही. तेलाच्या समुद्री विहिरींना सामान पुरविणारा ओएनजीसीचा तळ तेथे आहे आणि खाडीपलीकडे बंदराचे क्रेन रात्रभर दिवे लावून उभे असतात. शिवडीहून येणारा अटल सेतू जवळूनच जातो. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला हा सेतू २१.८ किलोमीटर लांबीचा, त्यांतले सुमारे साडेसोळा किलोमीटर समुद्रावरून. सेतू पाहून आमचा ऊर भरून आला हे लपवीत नाही. ज्यांच्या आज्यांनी भाऊच्या धक्क्यावरून डोक्यावर पाटी घेऊन फेऱ्या केल्या, त्यांच्या नातवंडांनी वीस मिनिटांत मुंबई गाठावी यात वाईट काय आहे? पण सेतूच्या बातमीपाठोपाठ जमिनींचे दलाल गावोगाव हिंडू लागले, हेही खरेच. न्हाव्यात आम्ही मैदानाच्या कडेला गाडी लावली. परवानगी विचारली तेव्हा एका वयस्क गृहस्थांनी आधी आडनावे विचारली. आम्ही ती सांगितली. मग त्यांनी शाळेचे नाव विचारले, आणि ते ऐकल्यावर, "म्हणजे आमचा पुतण्या तुमच्याचकडे होता की," असे म्हणून जेवायलाच बोलावले. वाकटीचे कालवण आणि तांदळाची भाकरी. प्रवासवर्णनांत अशा जेवणांचा मोठा गाजावाजा करतात. आम्ही एवढेच सांगतो की भाकरी गरम होती आणि वाढणाऱ्या बाईंनी आम्हांला आत, चुलीपाशी बसविले.

शेवा बघायचे म्हणजे मूळ जागी काही नाही. जिथे गाव होते तिथे बंदर आहे. शेतकरी शेवा एकीकडे वसविले, त्यास नवीन शेवा म्हणतात. कोळीवाडा दुसरीकडे, उरणजवळ बोरीपाखाडीला हलविला; तो हनुमान कोळीवाडा. २५६ कुटुंबांचे गाव. दिलेल्या जागेवर घरे बांधली आणि त्या घरांना वाळवी लागली. वाळवीने वासे पोखरले, दारे पोखरली, भिंतींवर मातीच्या रेघा चढविल्या. आमचे गाव पुन्हा वसवा, ही मागणी घेऊन इथल्या स्त्रीपुरुषांनी होड्या काढून जहाजांचा मार्ग अडविला, एकदा नव्हे, अनेकदा. वर्तमानपत्रांत त्याच्या चार ओळी येतात आणि पुढचे जहाज धक्क्याला लागते.

तिथे एका ओटीवर जाळे विणीत बसलेल्या मावशींशी आम्ही बोललो. त्यांना आम्ही एगची गोष्ट सांगितली. लोकांनी मिळून बेट विकत घेतले, हे ऐकून त्या हसल्या.

"आमचं शेत भरतीला बुडतं आनि ओहोटीला उघडतं," त्या म्हणाल्या, "त्याचा सातबारा कोन देनार?"

इतिहासाच्या विद्यार्थ्याने वही काढावी असे हे वाक्य. जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार समुद्राचा आणि खाडीचा तळ, भरतीच्या रेषेखालील जमीन, ही सारी शासनाची. निवटी, खेकडे, कालवे, तिसऱ्या यांवर ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या घर चालविले, त्यांचे शिवार म्हणजे तो गाळ. त्या गाळाला गावाने नावे दिली होती, वाटा दिल्या होत्या, कोणी कुठे खांब रोवायचे हे ठरविले होते. ही समूहाची मालकीच होती, फक्त कागदावर नव्हती. भराव पडला तेव्हा घराचा मोबदला मोजला गेला. गाळाचा मोबदला मोजण्याची पद्धतच नव्हती. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने उरण, हनुमान, गव्हाण आणि बेलपाडा या कोळीवाड्यांतील १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला. रक्कम लहान की मोठी, हा वेगळा प्रश्न आहे. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की ज्याचा सातबारा नाही अशा वहिवाटीलाही किंमत असते, हे निदान एका न्यायपीठाने आकड्यांत लिहिले.

मावशींच्या वाक्याने आमच्या मनात दुसरीही एक जमीन जागी झाली. तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आजच्या मुलांना ती ठाऊक नाही. महार वतन. सामूहिक जमिनीचा एक प्रकार आपल्या वाडवडिलांकडेही होता. ते सर्वस्वी निर्धन होते असे नव्हे. वतनाची जमीन एकट्याची नसे, गावच्या साऱ्या महारांची असे. कामाची पाळी लावून घेतली जाई आणि उत्पन्न वाटून खाल्ले जाई. कागदावर पाहिले तर एखाद्या परदेशी अभ्यासकाला हे आदर्श सामूहिक स्वामित्व वाटेल. परंतु त्या मालकीच्या गळ्यात दोर होता. जमिनीच्या तुकड्यापायी रात्रीबेरात्री सरकारी टपाल वाहायचे, मेलेली गुरे ओढायची, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे, आणि जमीन सोडायची म्हटली तर घर सुटायचे. त्या वतनाने माणसे गावाला बांधून ठेवली आणि गावाने त्यांना बाहेर ठेवले. म्हणून १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक आणले. आपल्याच लोकांतल्या काहींना तेव्हा ते रुचले नाही, कारण हातची जमीन जाईल अशी भीती होती. अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने खालसा झाली आणि जमिनी नवीन अविभाज्य शर्तीने परत मिळाल्या. आजही आपल्या अनेक वाड्यांच्या उताऱ्यांवर ती शर्त लिहिलेली आढळते, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती जमीन विकता येत नाही. कित्येक तरुण या शर्तीला शिव्या देतात. न्हाव्याहून निघताना दलालांच्या गाड्या पाहिल्यावर आम्हांला मात्र वाटले की ती शर्त नसती, तर वाड्यातली उरलीसुरली जमीनही केव्हाच गेली असती.

याच कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ पासून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या विरुद्ध संप केला आणि वर्षानुवर्षे जमिनी पडीक ठेवल्या. बाबासाहेब त्या शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये ठाणे, कुलाबा, रत्नागिरीचे हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. आगरी कुळे आणि महार शेतमजूर एका मोर्चात चालले, हे इथल्या दोन्ही समाजांनी विसरू नये असे आम्हांला वाटते. खोती गेली, कुळे मालक झाली. मजूर मजूरच राहिला. म्हणून तर कर्मवीर दादासाहेब गायकवाडांना १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभारावा लागला. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात सुचविलेला मार्ग वेगळाच होता. शेतजमीन राष्ट्राची असावी, ती गावकऱ्यांच्या गटाला सामुदायिक शेतीसाठी द्यावी, देताना जात-धर्म पाहू नये. म्हणजे कोणी जमीनदार नाही, कोणी कूळ नाही आणि कोणी भूमिहीनही नाही. एगच्या पन्नास वर्षे आधी, आणि एगपेक्षा नेमक्या शब्दांत. तिथे 'समूह' या शब्दाची व्याख्या आधी केली होती. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड गावाने २०१३ मध्ये आपापल्या खाजगी जमिनी ग्रामसभेच्या स्वाधीन केल्या, हा महाराष्ट्रातला जवळचा दाखला. पण ते गाव एकाच समाजाचे. संमिश्र गावात असे झालेले आम्ही अजून पाहिलेले नाही.

तिसऱ्या दिवशी पाणजे ओझरते पाहिले. पाणथळ जागेवर पक्षी होते, बांधावर गुरे होती. तिथून मोरा बंदरावर आलो आणि गाडी धक्क्यापाशी ठेवली. घारापुरीला गाडी जात नाही. आमच्या विद्यार्थिनीनेही लिहिले होते की एग बेटावर पाहुण्यांना आपले वाहन नेता येत नाही, म्हणून त्यांनाही मोटारहोम किनाऱ्यावर सोडून पायी उतरावे लागले. जिथपर्यंत गाडी जाते तिथे बेट उरत नाही, हे आता आम्हांला नियमासारखेच वाटू लागले होते.

घारापुरीवर लोक लेणी पाहायला जातात आणि दोन तासांत परततात. १९८७ पासून तो जागतिक वारसा आहे, आणि ते योग्यच आहे. पण बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत आणि माणसे राहतात. मुंबईचा झगमगाट समोर दिसत असूनही समुद्राखालून केबल टाकून त्यांच्या घरी वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर आणि मग अंधार. एगच्या साठसत्तर माणसांनी स्वतःची वीज दहा वर्षे आधी केली होती, कारण ती करण्याचा अधिकार आणि जागा त्यांच्या हाती होती. इथे घराची एक खोली वाढवायची तरी संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बंदी आणि पुढे आणखी दोनशे मीटर परवानगीची अट. प्राचीन दगडांचे रक्षण झालेच पाहिजे. इतिहास शिकविणारे आम्ही त्याविरुद्ध कसे बोलू? तरी ज्यांचे आजोबा तिथे जन्मले त्यांना त्या रक्षणात भागीदार करता आले असते, एवढे म्हणायला हरकत नसावी.

आम्ही गर्दी सोडून पूर्वेकडच्या टेकडीवर चढलो. तिला स्तूप टेकडी म्हणतात. विटांच्या प्राचीन स्तूपाचे अवशेष तिथे आहेत, बौद्ध लेणी आहेत. गवत वाढलेले, पाटी जीर्ण, माणूस नाही. पाचही जणांनी त्रिशरण-पंचशील म्हटले. खाली बंदराचे क्रेन आणि तांबडे-निळे कंटेनर स्पष्ट दिसत होते.

त्या टेकडीवर बसून जमिनीच्याच गोष्टी निघाल्या, आणि तेव्हा आम्ही सोबत्यांना 'चातुद्दिस संघ' हा शब्द समजावून सांगितला. सातवाहन-क्षत्रप काळातील आपल्या लेण्यांच्या भिंतींवर दानाचे लेख आहेत. नाशिकच्या लेण्यात उषवदात लिहवितो की त्याने एका ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांना शेत विकत घेतले आणि ते चारही दिशांच्या भिक्षुसंघाच्या भोजनासाठी दिले. चारही दिशांचा संघ म्हणजे आज लेण्यात असलेले भिक्षू तेवढेच नव्हेत. जे आलेले आहेत ते आणि जे अजून यायचे आहेत तेही. विनयात स्पष्टच सांगितले आहे की विहार, विहाराची जमीन, खाटा-पीठे, धातूची भांडी अशा वस्तू संघानेसुद्धा वाटून घेऊ नयेत, कोणास देऊन टाकू नयेत, आणि कोणी वाटल्या तरी ती वाटणी मानू नये. ज्यांच्या संघात उपाली नावाचा न्हावी विनयाचा प्रमुख ठरला, त्यांचा हा नियम. वर्गातल्या पोरीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आमच्याच परंपरेत दोन हजार वर्षे पडून होते. सगळे म्हणजे कोण, तर जे अजून आलेले नाहीत तेसुद्धा.

हे सारे स्मरणिकेत लिहिण्याचे प्रयोजन आता सांगतो. गेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात संस्थेच्या जमिनीचा रस्त्यालगतचा भाग विकसकास देऊन त्या पैशांतून नवे वसतिगृह बांधावे, अशी सूचना पुढे आली. सूचना करणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे. मुलांच्या वसतिगृहाचे छत गळते आणि मुलींच्या खोल्या अपुऱ्या आहेत, हे आम्ही रोज पाहतो. सेतूमुळे भाव वाढले आहेत, आता नाही तर केव्हा, असेही ते म्हणाले. आमचे मत याविरुद्ध आहे आणि ते इथे नोंदवितो. ही जमीन गिरणी कामगारांच्या आणि गोदी कामगारांच्या वर्गणीतून घेतली गेली. पावतीपुस्तकांत दोन रुपये, पाच रुपये अशा रकमा आहेत; काही नावांपुढे अंगठे आहेत. त्यांनी ती त्या वर्षीच्या मुलांसाठी घेतली नव्हती. वसतिगृह दुरुस्तीसाठी पैसा उभा करावा, जमिनीला हात लावू नये. मोठ्या देणगीदाराची वाट न पाहता दरमहा ठरावीक रक्कम देणारे माजी विद्यार्थी पुरेसे आहेत. हिशेब गणिताच्या सरांनी मांडून ठेवला आहे आणि तो कार्यालयात पाहता येईल.

पण एक गोष्ट बोरीपाखाडीच्या मावशींनी निघताना विचारली होती, ती सांगायची राहिली. "तुमच्या शाळेची जमीन कोनाची?" आम्ही म्हणालो, "संस्थेची." त्यांनी जाळ्यातून मान वर न करता पुढे विचारले, "संस्था म्हंजे कोन कोन?"

परतल्यावर आम्ही संस्थेची सभासद-नोंदवही काढून पाहिली. पाने कोरी सोडलेली पुष्कळ आहेत. या शाळेतून शिकून गेलेल्यांच्या मानाने नोंदलेली नावे फारच थोडी, आणि त्यांत माजी विद्यार्थिनींची नावे तर एका हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी. पालकांचे नाव एकही नाही, वास्तविक घटनेत त्यांना मज्जाव नाही. एगवर मतदानाचा हक्क त्या बेटावर राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाला आहे. आमच्या नियमावलीतही वर्गणी भरणाऱ्या कोणाही प्रौढाला सभासद होता येते. वर्गणी एका सिनेमाच्या तिकिटाहून कमी आहे. स्कॉटलंडमधील विद्यार्थिनीने अर्ज टपालाने पाठविला, तो मागच्या आठवड्यात पोचला. ट्रेलर चालविणाऱ्याने आणि त्याच्या पत्नीने आपापले दोन वेगळे अर्ज भरले आहेत. मेळाव्याच्या दिवशी कोरे अर्ज नावनोंदणीच्या टेबलावर ठेवलेले असतील, आणि जमिनीचा विषय सभेपुढे दुपारी जेवणानंतर येणार आहे.